सरांच्या ताटात कालची वांगी

मी खुनशी बाई नाही, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी आहे.

दिल्लीतल्या आमच्या ऑफिसच्या अतिथिगृहातल्या रिकाम्या खोल्या दाखवणारी वेबसाइट मी एकटीने उभी केली होती. ती दर वेळी डेटाबेसला विचारून मगच उघडे, म्हणून जरा हळू होती. माझ्या वरिष्ठांना ते खपेना. भर मीटिंगमध्ये सर म्हणाले, "रिझल्ट एकदाच काढा, सिरियलाइज करून फाइलमध्ये ठेवा, तोच दाखवा. आठवड्याने बदलू."

"सर, रिझल्ट नको, क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, साठवू या," मी म्हटलं. "उघडताना ती नव्याने चालेल. शिजलेली भाजी ठेवण्यापेक्षा कृती ठेवावी, तसं."

"मॅडम, रेसिपी घरी ठेवा. यहाँ स्पीड चाहिए, बस!"

सगळे खो खो हसले. दुसऱ्या दिवशी ते काम माझ्याकडून काढून घेतलं आणि साइट सरांच्या म्हणण्याप्रमाणे बदलली. पुढे जाता-येता "रेसिपी मॅडम" ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चार लोकांदेखत झालेला अपमान मला चार लोकांदेखतच फेडायचा होता.

मग एका रविवारी सरांचे सासू-सासरे अकोल्याहून आले. सरांच्या नोएडातल्या घराची फरशी उखडलेली. वेबसाइटवर खोली रिकामी दिसली, तेव्हा साधा फोनही न करता त्यांनी दोघांना स्टेशनवरून थेट अतिथिगृहावर नेलं. खोलीत दुसरंच कुटुंब राहत होतं.

मला फोन आला. "अरे यार मॅडम, साइटवर तर रूम खाली दाखवतंय!"

"आठवड्याने बदलेल, सर." इतकं गोड मी आयुष्यात बोलले नसेन.

पण त्या म्हाताऱ्या माणसांचा काय दोष? माझं क्वार्टर आर. के. पुरमला. म्हटलं, सगळे जेवायलाच या. काका-काकूंना तव्यावरची पोळी आणि गरम भरली वांगी वाढली. सरांना फ्रिजमधली कालची, तशीच गार.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"रेडी होतं, सर. स्पीड चाहिए ना?"

काकांनी विचारलं, काय भानगड आहे? मी सगळं सांगितलं, ते हसणंसुद्धा. ऐकून काकांनी गरम भाजीचं पातेलं स्वतःकडे ओढलं.

"खा, जावईबापू. आठवड्याने ताजी मिळेल."

सरांनी घास घेतला. मी आग्रह करून त्यांना तीच गार वांगी आणखी वाढली.