गळा, बाही, काठ

"वहिनी, किती वेळ तेच तेच! एक गठ्ठा उघडला फक्त. घर नाही जाळलं."

"कुठे उघडलास?"

"कुठे म्हणजे? कॉम्प्युटरवर."

"कॉम्प्युटरवर कुठे?"

धाकट्या दिराने भावाकडे पाहिलं. भाऊ, म्हणजे तिचा नवरा, एका हाताने जेवत दुसऱ्या हाताने मोबाइल बघत होता. त्याने मान वर केली नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्याला जेवू तरी दे. घास अडकेल."

घास अडकला नव्हता. धाकटा व्यवस्थित जेवत होता, आणि बोटं टेबलक्लॉथच्या कडेला पुसत होता. याच बोटांनी त्याने दुपारी तिचा कीबोर्ड बडवला होता. बटणं अजून चिकट होती. दोन बटणांच्या फटीत नखाची कापलेली कोर अडकलेली तिने पाहिली होती.

भरतकामाच्या कारखान्यात तिला टाकेबाई म्हणत. लग्नाआधी ती हाताने भरतकाम करायची. पुढे मशीनसाठी डिझाइनं काढायला शिकली. सुई कुठे उतरणार, कुठे वळणार, धाग्याचा रंग कुठे बदलणार, हे एकेक टाका करत कॉम्प्युटरला सांगायचं. कारखान्यातला मशीनचा कॉम्प्युटर इतका जुना, की त्याला डिझाइनं गठ्ठा बांधून, दाबून लहान करूनच द्यावी लागत. गठ्ठा बांधायची आणि सोडायची ती टार नावाची कमांड. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत टाइप करायची. ती शिकवताना तिथल्या मेकॅनिकने बजावलं होतं, "बाई, आलेला गठ्ठा आधी नुसता वाचायचा. आत काय आहे ते दिसतं. मग नवं, रिकामं फोल्डर करायचं आणि त्यातच सोडायचा. ही कमांड विचारत बसत नाही. त्याच नावाची फाइल तिथे असली, की तिच्या जागी नवी ठेवते आणि गप्प राहते."

आणि या धंद्यात नावं सगळ्यांची सारखी. जो तो कपड्याच्या भागावरून नाव देतो. गळा, बाही, काठ.

तेव्हापासून तिने एकही गठ्ठा न वाचता सोडला नव्हता. घरात त्याची चेष्टा व्हायची. "वहिनी गठ्ठासुद्धा आधी हुंगून बघते," असं धाकटा म्हणायचा. सगळे हसायचे. तीही हसायची.

या खेपेला एका नाटक कंपनीचे पोशाख आले होते, आणि मालकीणबाईंनी राणीचा अख्खा झगा तिच्या एकटीवर सोपवला होता. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. "इथेच येऊन बसत जा ना," त्या म्हणाल्याही होत्या. "खिडकीजवळचं टेबल रिकामंच आहे." ती म्हणाली होती, "नको बाई, घर कोण बघणार?" घरीच, भाजी शिजेपर्यंत, कपडे वाळेपर्यंत, मिळेल त्या वेळात तिने त्या झग्याच्या गळ्याचं डिझाइन काढलं होतं. वेलीचं प्रत्येक पान वेगळ्या दिशेने भरलेलं, म्हणजे दिव्याखाली राणी वळली की वेल हलल्यासारखी दिसावी. उद्या ते मशीनवर चढायचं होतं.

आज कारखान्यात धागे निवडून ती घरी आली आणि तिने गळा उघडला. पडद्यावर पिवळं बदक आलं. लहान मुलाच्या लाळेऱ्यावरचं, चोच फाकून हसणारं.

बाहीवर ससा होता. काठावर फुगे. आणि तिच्या फोल्डरभर कुठल्या कुठल्या फाइली, ओट्याखालचा दिवा लावल्यावर झुरळं दिसावीत तशा.

तरी तिचा धीर सुटला नव्हता. रोज संध्याकाळी ती सगळ्या कामाचा गठ्ठा बांधून ठेवायची. तो तिने सवयीप्रमाणे आधी वाचला. गळ्यापुढे तारीख होती ती कॉम्प्युटरला तिचा हातही लागला नव्हता त्या काळातली, म्हणजे आतही बदकच. गठ्ठा मात्र आज दुपारी बांधलेला होता, आणि तिने तर काल संध्याकाळी बांधला होता.

"मित्राच्या बहिणीने फुकट डिझाइनं पाठवली," धाकटा आता सांगत होता. "म्हटलं, तुझ्या कामाला येतील. म्हणून तुझ्याच फोल्डरमध्ये सोडली. मला काय माहीत, त्यांचीही नावं तीच असतील!"

"इथवर चूक झाली म्हणू. मग माझा गठ्ठा पुन्हा का बांधलास?"

"वरचा बाण दाबला की तुझी कालची कमांड तशीच येते. म्हटलं, बॅकअप ताजा करून ठेवू."

"बदक दिसल्यानंतर?"

त्याने बोटं पुन्हा टेबलक्लॉथला पुसली. मग म्हणाला, "सगळं रोजच्यासारखं दिसलं असतं. तुझ्या लक्षात यायच्या आत काहीतरी केलं असतं मी."

"काय केलं असतंस?"

त्याने पाण्याचा ग्लास उचलला.

म्हणजे गळा गेला हे त्याला कळलं होतं. घरात शिल्लक होता तो एक चांगला गठ्ठा, आणि त्याच्या जागी याने तो उकिरडा बांधून ठेवला होता, तिचंच नाव देऊन. आणि मग येऊन, हातसुद्धा धड न धुता, तिने रांधलेलं जेवायला बसला होता. तिला रागही येईना. दुधाच्या पातेल्यात पाल दिसावी तसं झालं.

"अगं, पुन्हा काढ ना," नवरा मोबाइलमधून म्हणाला. "एकदा केलंयस. आता पटकन होईल."

"आणि ते बदकही गोडच आहे की," सासूबाई म्हणाल्या. "मी पाहिलं मघाशी."

ती उठली. कॉम्प्युटरच्या वायरी एकेक करून काढल्या, गुंडाळल्या, पिशवीत भरल्या. कीबोर्ड तिने फडक्याने धरून उचलला आणि धाकट्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"हा तुला राहू दे. उद्यापासून मी कारखान्यात बसणार. कॉम्प्युटर तिथेच राहील. संध्याकाळचा स्वयंपाक तुम्ही तिघांनी करायचा."