चौथ्या घरातलं मांजर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही – आणि त्याला तर मी आमटीत मीठ जास्त पडलं तरी ताट वाढायच्या आधी सांगून टाकते. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. समोर बसून माझ्या तोंडाकडे बघणार नाही, म्हणूनही असेल.

आधी माझी एक खोड सांगते. मला अशुद्ध मराठी सहन होत नाही. नवऱ्याची बदली कोलकात्याला झाली, खिदिरपूरच्या बाजूला सरकारी क्वार्टर मिळालं, आणि तिथली मराठी मुलं बोलताना ऐकून माझ्या कपाळाला आठ्याच पडल्या. शाळेत इंग्रजी, खेळताना हिंदी-बंगाली, आणि मराठी फक्त आईकडे पोळी मागण्यापुरती! मग मी रविवारी तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये त्यांचा वर्ग घ्यायला लागले. नाकाने कांदे सोलायची हौस मला पहिल्यापासूनच, ती तिथे मजेत भागत होती. लोक म्हणायचे, केवढं करता हो तुम्ही मुलांसाठी. मला ते आवडायचं. हे एवढं सांगतेय, कारण पुढे मी जे केलं ते याच हौसेच्या आड लपून केलं.

त्या वर्षी गणपतीच्या आधी मंडळाने पुण्याच्या एका लेखिकाबाईंना बोलावलं. मुलांनी त्यांच्याबरोबर मिळून एक गोष्ट लिहायची आणि गणपतीत स्टेजवर वाचायची, असा बेत होता. बाई छान होत्या. खुर्ची बाजूला सारून मुलांमध्ये फरशीवर बसल्या. त्यांचा नियम एकच – जो जे सांगेल ते गोष्टीत जाणार, कुणाचंही काही खोडायचं नाही. एक मांजर आहे, क्वार्टर्सच्या इमारतीत राहतं, रोज एका घरात शिरतं. तिथे त्याला काय दिसतं? एकेकाने एकेक घर सांगायचं. बाईंना बंगालीचं अक्षरही कळत नव्हतं, त्यामुळे मुलं बंगालीत घसरली की त्यांचं बोलणं मराठीत आणून देणं माझ्याकडे होतं.

पहिल्या घरातून मांजराने इलिश माशाचं डोकं पळवलं. दुसऱ्या घरात एक आजोबा आरशासमोर एकटेच नाचत होते. तिसऱ्या घरात कुणीतरी गादीखाली चॉकलेटं लपवली होती. मुलं हसून हसून लोळत होती. मग चौथं घर इराकडे आलं.

इरा प्रधान. तिसरीतली, हडकुळी, कधी आवाज न चढवणारी. तिचे बाबा म्हणजे माझ्या नवऱ्याचे साहेब आणि मंडळाचे अध्यक्ष. माझ्या सासूबाई साताऱ्याला अंथरुणाला खिळलेल्या, आणि तिकडे बदली मिळावी म्हणून नवऱ्याने केलेला अर्ज प्रधानसाहेबांच्या शिफारशीसाठी अडकलेला. हे कारण म्हणून सांगत नाहीये – तेव्हा डोक्यात काय होतं तेवढं सांगतेय.

इरा बराच वेळ बोलली. खाली बघून, अर्धं मराठी, अर्धं बंगाली. मांजर चौथ्या घरात जातं. तिथला बाबा आईला बाथरूममध्ये ढकलतो आणि बाहेरून कडी लावतो. दिवाही बंद करतो. कधी जेवणाच्या वेळेपर्यंत, कधी त्याच्याही पुढे. "आई ओरडत नाही, चुप कोरे थाके," ती म्हणाली. ओरडलं तर शेजारी ऐकतील म्हणून गप्प राहते. मांजर दाराच्या फटीतून पंजा आत घालतं आणि आई तो धरून बसते. "मांजरचा हात कडीला पोहोचत नाही," असं ती शेवटी म्हणाली. ते मात्र मराठीत, आणि दोनदा.

मला कळलं नाही, असं म्हणू? स्मितावहिनी, म्हणजे इराची आई, मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालायच्या. कोलकात्याच्या मे महिन्यात! आम्ही बायका त्यावर आपसात हसायचोही. मला सगळं कळलं. आणि बाईंनी माझ्याकडे पाहिलं – काय म्हणाली ती?

मी म्हणाले, चौथ्या घरात मांजर चुकून बाथरूममध्ये कोंडलं जातं. कुणालाच कळत नाही. मग बाबांनी दार उघडलं आणि मांजर टुणकन बाहेर आलं.

विचारसुद्धा करावा लागला नाही हो. इतकं सहज तोंडातून आलं. नुसतं झाकलं असतं तरी एक वेळ – पण मी त्याच माणसाला सोडवणारा करून टाकलं. मुलं हसली. बाई मात्र थांबल्या. म्हणाल्या, ती एवढा वेळ बोलत होती, आणि एवढंच? मी म्हटलं, अहो, या मुलांचं मराठी असं आहे ना, एका वाक्याला दहा वाक्यं लागतात. बाईंनी इराला विचारलं, असंच ना गं बाळा? इराने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे बघून हसले – वर्गात चुकलेलं दुरुस्त केल्यावर हसायचे, तशीच. तिने मान हलवली. तिला वाटलं असेल का, की शुद्ध मराठीत ते असंच म्हणतात?

पुढचे रविवार मी तिच्याकडून ते वाचून घेतलं. "उघडलं" तिला जमत नव्हतं, ती "उघडला" म्हणायची. मी चिकाटीने बसवलं. "दार" म्हटल्यावर जरा थांबायचं, मग "उघडलं", म्हणजे लोक हसतात – हेही शिकवलं.

गणपतीत लोक हसले. पहिल्या रांगेत प्रधानसाहेब सगळ्यात मोठ्याने हसले. मांजर आमच्याच घरचं दिसतंय, म्हणाले. स्मितावहिनी शेजारी बसून टाळ्या वाजवत होत्या. कार्यक्रमानंतर त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, छान शिकवलंत हो तिला. आवाजात काहीच नव्हतं – ना राग, ना आभार. त्यांना माहीत होतं का, की मुलीने आधी काय सांगितलं होतं? मी विचारलं नाही. प्रसादाला रांग फार आहे, असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

बदली झाली. ते आत्ताच सांगून टाकते, नाहीतर लपवल्यासारखं होईल. शिफारस चांगली होती, आदेश आला, आम्ही सामान बांधायला घेतलं. आणि त्याच सुमारास एका दुपारी स्मितावहिनी गेल्या. बाथरूममध्ये पाय घसरला, डोक्याला लागलं, वेळेत कळलं नाही, असं सगळे म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी मी पिठलं-भात घेऊन त्यांच्या घरी गेले. स्मितावहिनींचा भाऊ सांगलीहून आला होता. साधा माणूस, डोळे सुजलेले. प्रधानसाहेब खाली कुणालातरी भेटायला गेले होते. भावाने मला विचारलं, ताई, तुम्ही जवळच्या, तुम्हाला काही माहीत आहे का? आणि मी काय म्हणाले असेन? या क्वार्टर्समधल्या फरश्या फार निसरड्या आहेत, म्हणाले. आमच्याकडेही कितीदा पडता पडता वाचलोय, म्हणाले.

तो भाऊ खुर्चीत बसला होता, त्याच्या मागे बाथरूमचं दार दिसत होतं. बाहेरच्या बाजूला एक जाड, नवी कडी होती. पार वर, चौकटीजवळ. एवढ्या वर कडी कोण लावतं? लहान मुलाचा हात तिथे पोहोचलाच नसता. माझा पोहोचला असता.

इरा आतल्या खोलीच्या दाराशी उभी होती. मामाने तिला जवळ घेतलं आणि विचारलं, बाळा, तू होतीस ना घरात? तू तरी सांग, काय झालं?

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी हॉलमध्ये पाहिलं होतं तसंच – मी काय सांगते त्याची वाट बघत. मामाही माझ्याकडे बघायला लागला. मला बोलता आलं असतं. जिन्यावर अजून कुणाची पावलं नव्हती. मी पिठल्याच्या डब्याचं झाकण घट्ट करत बसले.

मग इराच बोलली. "बाबांनी दार – उघडलं."

एकही चूक नव्हती. मी शिकवलं होतं त्याच जागी ती थांबली होती.