फुकटचा नाश्ता

नात तिसरीत असताना तिची शाळा बदलली. आधीची इंग्रजी शाळा, पिवळी बस अगदी दारात यायची. फी दरवर्षी वाढायची आणि माझ्या मुलाचा पगार मात्र जिथल्या तिथे. तो इथे चेन्नईतच, गिंडीला एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर आहे, मोटारींचे सुटे भाग बनवतात. मोठ्या कंपन्या बिलांचे पैसेच उशिरा देतात म्हणे, मग मालक पगारवाढीचं नाव कशाला काढतोय! सून घरी शिकवण्या घेते. दोघांच्या कमाईत घर चालायचं, शाळा चालेना. सवलत मागावी तर गरिबांच्या यादीत आम्ही बसत नाही. श्रीमंतांना मागावीच लागत नाही. मधल्यांसाठी काय असतं, ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

तर पोरीला जवळच्या सरकारी शाळेत घातलं. पोचवायचं काम माझं. तिथे सकाळी शाळा भरायच्या आधी सगळ्या मुलांना फुकट नाश्ता मिळतो. कधी उपमा, कधी पोंगल, म्हणजे आपली मुगाची मऊ खिचडीच, वर सांबार. मुलाने पहिल्याच दिवशी बजावलं, "आई, सरकारी शाळा चालेल. पण माझी मुलगी फुकटचं खाणार नाही. घरून खाऊन जाऊ दे."

मी म्हटलं, "अरे, शिकवतात तेही फुकटच ना?"

"ते वेगळं."

मी ताणलं नाही. पोहे, थालीपीठ, पोट भरून पाठवायचे मी.

थोड्या दिवसांनी पोरीचं सुरू झालं. आज पोट दुखतंय, उद्या डोकं. मुलगा म्हणाला, "तिला नाही मानवत ही शाळा. बांगड्या मोडू, पण जुन्या शाळेत परत घालू." सुनेच्या तेवढ्याच बांगड्या राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी फाटकातच रेंगाळले. मुलं ओळीने बसून खात होती. आमची पाण्याच्या नळाशी, पाठीवर दप्तर तसंच, एकटी उभी.

रात्री जेवताना तिनेच विचारलं, "बाबा, आपण पणक्कार आहोत?" म्हणजे पैसेवाले.

"कोण म्हणालं?"

"सगळ्याच म्हणतात. मी त्यांच्यात खात नाही ना. खेळायलाही घेत नाहीत."

मुलगा हसायलाच लागला. सून मात्र भडकली. "हसताय काय अहो? फी भरता येईना म्हणून तिथे गेलो, आणि तिथे पोरीला पैसेवाली करून ठेवलीत! आई, उद्या पोहे करू नका."

"म्हणजे उपाशी पाठवायची?" मुलाने विचारलं.

"उपाशी कशाला? खाईल की तिथे, सगळ्यांबरोबर."

तो ताटातला भात चिवडत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दूध तरी देत जा तिला."

दूध पिऊन गेली. दुपारी घ्यायला गेले तर दोन मुलींबरोबर बडबडत बाहेर आली, सगळं तमिळमध्ये. मी विचारलं, "काय होतं गं आज?"

"पोंगल. त्यात मिरे होते, आजी. पण शेजारच्या मुलीने माझे सगळे काढून खाल्ले."