आप्पाचं लोहचुंबक

त्या गुरुवारी मी धुळ्याला नववी ‘ब’च्या वर्गात तापीच्या उपनद्या सांगत होतो. पूर्णा झाली, वाघूर झाली, गिरणा, बोरी झाली. तेवढ्यात शिपाई दारात आला. “सर, जळगावचा फोन आहे.”

फोनवर भिकन होता, माझ्या धाकट्या भावाच्या गॅरेजातला मिस्त्री. म्हणाला, “मास्तर, आप्पा गया.” सकाळी शटर वर करताना आप्पा खाली बसला, तो उठलाच नाही. चव्वेचाळीस वर्षांचा होता. मी फोन ठेवला आणि वर्गात परत आलो. पांझरा राहिली होती, ती सांगितली. मग बस पकडली.

जळगावला अजिंठा रस्त्यावर आप्पाचं गॅरेज. गंधमुक्ती होऊन सुतक फिटेपर्यंत तिथे रोज माणसं बसायला यायची, आणि प्रत्येक माणूस एक किस्सा ठेवून जायचा. आप्पाने कुणाला कुठली जुनी गाडी घेऊ दिली, कुठली घेऊ दिली नाही, कोण त्याला न विचारता गेला आणि कसा फसला! हसू यायचं. मग हसणारा एकदम चपला शोधायला लागायचा. दहा-बारा दिवसांत एवढे किस्से साठले की आपल्याच भावाची ओळख लोकांनी करून दिल्यासारखं वाटलं.

माझी भावजय सुमन आतल्या दाराशी बसून सगळं ऐकायची. तिच्या मनात एकच प्रश्न होता. तिसऱ्या दिवशी तिने तो मला विचारला.

“दादा, शेवटी हे स्वतःच फसले का हो?”

गॅरेजात मागच्या बाजूला ताडपत्रीखाली एक पांढरी अँबॅसॅडर उभी होती. लोकांच्या गाड्या तपासण्यात आयुष्य घालवलेल्या आप्पाने स्वतःसाठी घेतलेली ही पहिली गाडी. महिन्यापूर्वीच बेळगावहून आणली होती. आणि गावात कुजबुज होती, की दुसऱ्यांना शहाणपण शिकवणाऱ्याने ही गाडी न तपासताच घेतली! जामनेरचं एक गिऱ्हाईक आता ती मागत होतं. सुमन म्हणाली, “विकायची तर खरं सांगून विकेन. पण खरं काय, ते मला तरी कुठे माहीत आहे?”

*

आधी त्या चुंबकाविषयी सांगायला हवं.

जुन्या स्पीकरमधून काढलेलं गोल लोहचुंबक आप्पाच्या खिशात कायम असायचं. गाडीच्या रंगावर ओरखडा नको म्हणून सुमनने ते आपल्या साडीच्या तुकड्यात शिवून दिलं होतं. आप्पा ते गाडीच्या अंगावरून फिरवायचा. पत्रा असेल तिथे ते चिकटायचं. अपघातात चेपलेल्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारलेला असेल तर खाली पडायचं.

पाचोऱ्याच्या डॉक्टरांनी पेपरातली जाहिरात वाचून मुंबईहून लाल गाडी मागवली. नुसती चमकत होती! आप्पाला त्यांनी बोलावलं ते तपासायला नव्हे, कौतुक करायला. आप्पाने दारावर चुंबक लावलं, पडलं. मडगार्डवर लावलं, पडलं. चौथ्या वेळेपासून डॉक्टर स्वतःच खाली हात धरून उभे राहिले.

भिकन ओरडला, “भाऊ, ही बठ्ठी लांबीच शे!”

डॉक्टरांनी विचारलं, “सगळी लांबी खरवडून नीट करायचं तर?”

आप्पा म्हणाला, “रंगाला हात लावू नका डॉक्टर. गाडी त्याच्यावरच उभी आहे!”

हे डॉक्टरांनीच सांगितलं. सांगून झाल्यावर चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

*

फैजपूरचे चौधरी नाना, केळीचे मोठे बागायतदार. त्यांनी लांबच्या एका शहरातली गाडी नुसत्या फोटोवर पसंत केली. फोटोत गाडी आकाशी, देखणी, झाडाखाली उभी. विकणाऱ्याचा ड्रायव्हर संध्याकाळी गाडी घेऊन आला आणि नानांच्या दारात लावून रातोरात परत गेला.

सकाळी गल्लीत भांडण! उजवीकडच्या ओट्यावरचे म्हणायचे, “नानांनी आकाशी गाडी आणली.” डावीकडचे म्हणायचे, “डोळे फुटले का? हिरवी आहे!”

दोघांचंही बरोबर होतं. एका बाजूला आकाशी, दुसऱ्या बाजूला हिरवी. दोन मोडक्या गाड्यांची एक केली होती.

आप्पा आला, एक फेरी मारली. “नाना, काय तोट्यात आहात? एकीच्या किमतीत दोन मिळाल्या!”

“आप्पा, फोटोत एकच बाजू व्हती रे.”

“मग दुसरी मागवायची ना!”

पुढे नातीसाठी स्थळाचा फोटो आला, तर नानांनी उलट टपाली कळवलं, “दुसऱ्या बाजूचा पाठवा!”

हे सांगून नाना हसले, आणि मग काठी टेकून ताडपत्रीपर्यंत गेले. ताडपत्री उचलली नाही. म्हणाले, “ह्या गाडीच्या दोन्ही बाजू एकाच रंगाच्या आहेत ना, सुमन?” तिने मान हलवली. “मग झालं,” म्हणाले, पण झालेलं काही नव्हतं.

*

आप्पाची खरी तपासणी चुंबकाच्या आधीच सुरू व्हायची. जाहिरात दिसली की तो विकणाऱ्याला जवाबी कार्ड पाठवायचा. जोडकार्ड असतं ते. एकावर प्रश्न लिहायचे, दुसरं कोरं कार्ड उत्तरासाठी. किती मालक झाले, अपघात झाला का, इंजिन कधी खोललं, कागद कुणाच्या नावावर. शेवटचा प्रश्न कायम एकच : गाडी का विकता?

बाकीची उत्तरं आप्पा वाचायचाही नाही. शेवटचं आधी वाचायचा.

एकाने लिहिलं, “गाडी अति उत्तम आहे म्हणून विकत आहे.” आप्पा म्हणाला, “उत्तम घड कुणी बांधावर फेकतं का?” ते कार्ड गेलं टोपलीत.

एकाने उलट विचारलं, “आपण का घेता?” आप्पाने ते काचेखाली लावून ठेवलं. गिऱ्हाईक फार घाई करायला लागलं की बोट दाखवायचा. “आधी याला उत्तर द्या!”

आणि ज्याने शेवटच्या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही, त्याच्याकडे आप्पा कधीही गेला नाही. भिकन म्हणतो, कधीही म्हणजे एक वेळ सोडून.

*

धुळ्याचे एक वकील आले. ते सहसा बोलत नाहीत. त्यांनी जो किस्सा सांगितला, तो आप्पाने मला कधीच सांगितला नव्हता.

वकिलांनी आप्पाला बरोबर नेऊन परराज्यातून गाडी आणली. कागद वकिलांनी स्वतः तपासले, भिंग लावून. गाडी आप्पाने तपासली. चुंबक एकदाही पडलं नाही. विकणारा गोड बोलला, पेढे दिले.

दोन महिन्यांनी वकिलांच्या फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ उभे. लांबचा प्रवास करून आलेले, धुळीने भरलेले. खिशातून किल्ली काढली, गाडीच्या दाराला लावली. दार उघडलं. आत बसले, किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

गाडी त्यांची होती. चोरीला गेली होती.

“मी त्यांना चहा दिला,” वकील म्हणाले, “आणि आप्पाला बोलावून घेतलं. म्हटलं, चूक माझी. कागद मी पाहिले होते.”

तेव्हा आप्पा म्हणाला होता, “कागद तुम्ही पाहिले, पत्रा मी पाहिला. माणूस कोणी पाहिला, वकीलसाहेब?”

त्यानंतर कार्डावर एक प्रश्न वाढला, दुसरी किल्ली कुठे आहे?

*

बेळगावची गोष्ट भिकनने शेवटच्या दिवशी सांगितली. सगळे उठून गेले होते. सुमन दाराशी होती. भिकन अहिराणीत बोलतो, मी सोपं करून लिहितो.

बेळगावहून कार्ड आलं तेव्हा सगळी उत्तरं नीट, अक्षर मोत्यासारखं. दुसरी किल्ली : घरी आहे. गाडी का विकता : याच्यापुढे रिकामी जागा.

भिकन म्हणाला, “आप्पा, हे टोपलीत ना?”

आप्पाने कार्ड खिशात घातलं. “जाऊन बघू.”

पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. एकटेच असावेत. बाहेरच्या बाकावर एकच पेला, दोरीवर एकच पंचा. गाडी ओल्या फडक्याने पुसत होते. आप्पाने खिशातून चुंबक काढलं तशी ते बाजूला झाले.

“तपासा,” म्हणाले. “बॉनेट उघडा, खालून बघा, हवं ते करा. फक्त तेवढं डावं दार तपासू नका.”

भिकनला वाटलं, आता आप्पा पिशवी उचलेल आणि स्टेशनची वाट धरेल. दारात लांबी आहे, हे आणखी कसं सांगतात?

आप्पा त्या माणसाकडे बघत राहिला. मग त्याने चुंबक खिशात ठेवलं. बॉनेट उघडलं नाही, खाली वाकला नाही, काहीच तपासलं नाही. बाकावर बसून म्हणाला, “चहा मिळेल का काका?”

काकांनी चहा केला. पेला एकच होता, म्हणून दोघांना वाट्यांतून दिला. गाडी का विकता हे त्यांनी सांगितलं नाही. आप्पाने विचारलं नाही. पैसे चुकते करून, दोन्ही किल्ल्या घेऊन आप्पा आणि भिकन निघाले.

“दोन दिवसांचा रस्ता मास्तर,” भिकन म्हणाला. “मी त्याच दाराला लागून बसलेलो. पण एकदाही रेललो नाही. नगरच्या पुढे आलो तेव्हा राहवलं नाही. विचारलं, आप्पा, त्या दारात काय शे?”

“मग?”

“आप्पा म्हणाला, त्यांनी नको सांगितलं ना!”

भिकन उठला आणि हात धुवायला गेला. सुमन आत गेली. थोड्या वेळाने आतून चुंबक घेऊन आली. साडीच्या तुकड्याची शिवण एका बाजूने उसवली होती, ती तिने नवी घातली होती.

“दादा, तुम्हीच एकदा लावून बघा,” ती म्हणाली. “जामनेरच्या माणसाला काय ते कळवू.”

मी ते हातात घेतलं. गाडीपर्यंत गेलो. ताडपत्रीची डावीकडची दोरी सोडली, आणि तशीच पुन्हा बांधली.

जामनेरच्या माणसाची त्यानंतर दोन पत्रं आली. चुंबक इथे धुळ्याला माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्या दाराला ते मी अजून लावलेलं नाही.