काळी तीन

चुडावा गावात राजशेखरच्या वाद्याला सिंथेसायझर असं कुणीही कधी म्हटलं नाही. म्हातारी माणसं त्याला बिनभात्याची पेटी म्हणायची, बाकीचे सरसकट कॅसिओ. पहिली दोन वर्षं त्याने लोकांना समजावून पाहिलं, मग नाद सोडला. चौऱ्याण्णव साली हैदराबादच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून त्याने ते जुनंच घेतलं आणि पूर्णा स्टेशनापर्यंत रेल्वेत मांडीवर घेऊन आला. पंधरा किलोचं धूड. उतरला तेव्हा दोन्ही पाय बधिर झाले होते आणि तोंडावरचं हसू काही मावळत नव्हतं.

तेव्हापासून तीस वर्षं तेच एक वाद्य. त्याची एक पट्टी पावसाळ्यात खाली बसली की वरच येत नाही, तिला नखाने उचलावं लागतं. चौथं बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही. ह्या यंत्राचे रुसवे त्याला माझ्या रुसव्यांपेक्षा जास्त कळतात, असं बायको म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

डीजे आले आणि लग्नातली वाजवणी बुडाली. उरलं ते बसप्पांचं शिवभजन मंडळ. बसप्पा म्हणजे स्टेशनाजवळचे किराणा दुकानदार, राजशेखरपेक्षा सोळा वर्षांनी मोठे, नाकावर माशी बसू न देणारे. लोक आडनाव सांगतात तसा हा माणूस आपला सूर सांगायचा. "आपली काळी तीन." पेटीवरच्या तिसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून गायचं, म्हणजे पुरुषाच्या गळ्याला उभी चढण. बसप्पा ती हसत चढायचे. पंचक्रोशीत दुसरं कुणी त्या वाटेला जात नव्हतं.

दोन हजार अकरात, पोखर्णीच्या एका कार्यक्रमात, वरच्या सा ला त्यांचा गळा किंचित थरथरला. ऐकणाऱ्यांना कळलं नाही, राजशेखरला कळलं. त्याच्या यंत्रात एक सोय होती. एक बटण दाबलं की काचेत लाल अक्षरांत उणे एक यायचं. बोटं त्याच पट्ट्यांवर फिरायची, आवाज मात्र अर्ध्या सुराने खाली निघायचा. पुढच्या कार्यक्रमाआधी त्याने ते गुपचूप दाबलं. बसप्पा त्या दिवशी असे गायले की विचारू नका.

"बघितलंस का राजा," उठताना ते म्हणाले, "गळा आणखी तरणा हाय."

राजशेखरला इतका आनंद झाला की आपण काही लपवलंय असं त्याच्या मनातही आलं नाही.

दर दोन-तीन वर्षांनी तो आकडा एकेकाने खाली गेला. तबलजी किशनरावांपासून ते लपणं शक्यच नव्हतं, कारण तबला सुरात लावावा लागतो. त्यांनी हातोडी हातात धरून राजशेखरकडे एकदा पाहिलं आणि मूग गिळले. पुढे तबला अजून उतरेना, तेव्हा मोठ्या तोंडाचा, खालच्या सुराचा नवा घेतला. जुन्याची शाई उडाली, असं बसप्पांना सांगितलं. ही दोन शहाणी माणसं अकरा वर्षं हे नाटक वठवत राहिली. बसप्पांचं बोट पेटीवर दाखवायचं काळी तीन, आणि शेवटी गळा गात होता काळी एक, पाच आकडे खाली.

सगळ्यात वाईट म्हणजे ह्या बटणाने राजशेखरलाही आळशी केलं होतं. काळी तीन सोडून दुसऱ्या कुठल्या पट्टीवरून वाजवायची त्याच्या बोटांना सवयच राहिली नव्हती.

मग शेजारच्या गावातला तो शिवनाम सप्ताह आला. भर दुपार, मांडव भरलेला. पहिलं भजन संपलं आणि यंत्रातून जळका वास आला. लाल आकडा दोनदा लुकलुकला आणि गेला. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीनंतर त्याने नेमकी ती वेळ निवडली. कुणीतरी देवळातली पेटी आणून पुढ्यात ठेवली. बसप्पांनी स्वतःच्या हाताने तिसरी काळी पट्टी दाबून दाखवली.

"घे."

आप्पा, काळी एक घ्या. एवढे चार शब्द कानात सांगायचे होते. पण सांगितलं की बसप्पा का म्हणून विचारणार, आणि भर मांडवात त्याला काय उत्तर द्यायचं? निभेल कसंतरी, असं म्हणत राजशेखरने भाता ओढला.

निभलं नाही. वरच्या सा ला बसप्पांचा आवाज फाटला. त्यांनी पाणी पिऊन पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. पुढच्या बायकांनी माना खाली घातल्या, मागे कुणीतरी हसलं. बसप्पांनी तिकडे पाहिलंच नाही. ते तबल्याकडे बघत होते. तो मोठ्या तोंडाचा तबला काही केल्या काळी तीनला चढत नव्हता, वेगळ्याच सुरात बोलत होता. त्याच्यावरून त्यांची नजर राजशेखरच्या बोटांवर आली. आयुष्यभर सुरात राहिलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं?

"किती साल झाले?" परतताना जीपमध्ये त्यांनी विचारलं.

"अकरा, आप्पा."

बसप्पा बोटांवर सालं मोजत गेले. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर मीच उतरलो असतो की रे. लोक हसले त्याचं कायी न्हाई. पण तुमी दोघं अकरा साल माझ्या माघारी काय बोलत असाल, ते डोक्यातून जाईना झालंय."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. राजशेखर पुढे दोन वर्षं दुकानात जात राहिला. बसप्पा त्याला साखर द्यायचे, चहापत्ती द्यायचे, शब्द द्यायचे नाहीत. गाणं त्यांनी बंदच केलं. नांदेडच्या एका कारागिराने यंत्र दुरुस्त करून दिलं, पण राजशेखरने त्याच्यावरचं कापड काढलं नाही.

मागच्या पौषात बसप्पांची बायको सिद्धम्मा दारात आली. "अंथरुणाला लागलेत. तुमाला बलवायलेत. ती पेटी घेऊन या म्हणलेत."

राजशेखरने यंत्र मोटारसायकलवर बांधून नेलं. खाटेवर बसप्पा ओळखू येत नव्हते.

"आकडा दाखव," ते म्हणाले.

राजशेखरने यंत्र चालू करून सवयीचा आकडा लावला आणि त्यांच्याकडे वळवलं. काचेत उणे पाच. त्यांनी त्यावर बोट टेकवलं.

"आणखी एक उतरव. आता सांगून उतरव."

"आप्पा," राजशेखर मोठ्याने म्हणाला, "एक खाली घेतो."

बसप्पांनी मान हलवली. उणे सहा म्हणजे पांढरी एक, जिथून लहान लेकरं सा रे ग म शिकतात. तिथून त्यांनी भजनाची एकच ओळ गायली. आवाज सुतासारखा बारीक, पण कुठे तुटला नाही.

"खालचा बी माझाच हाय की रे," ते म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले.

चौथ्या दिवशी ते गेले. अंत्ययात्रेत मंडळाने भजन धरलं. वीज नाही, तेव्हा गळ्यात पेटी अडकवून राजशेखर पुढे होता. कुठल्या सुरात घ्यायचं, किशनरावांनी हळूच विचारलं.

"काळी तीन," राजशेखर म्हणाला.

त्या उंचीवर मंडळात कुणाचाच गळा पोचत नव्हता, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. वरचा सा आला तेव्हा सगळ्यांचे आवाज एकदमच फाटले, किशनरावांचा, राजशेखरचा, तरण्या पोरांचासुद्धा. कुणी हसलं नाही. समाधी खणली होती त्या मळ्यापर्यंत ते तसंच गात गेले.