काकांनी माझ्या स्कूटरचा आवाज ऐकलाच नाही

मंडळी, आज सकाळी रे रोडच्या पुलावर माझ्या स्कूटरने मान टाकली. मी मासळीच्या ऑर्डरी घरपोच देते. उद्या पहाटे मासळी आणायला धक्क्यावर जायचंय, म्हणजे गाडी बंद तर धंदा बंद. ढकलत काळाचौकीला एका म्हाताऱ्या काकांच्या गॅरेजवर नेली.

पाच मिनिटं मी त्यांना गाडीच्या आवाजाची नक्कल करून दाखवली. आधी घरघर, मग फुसफुस. काका नुसते माझ्या ओठांकडे बघत होते.

"चालू कर," म्हणाले.

कशीबशी चालू झाली. त्यांनी सीटखाली तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

"दम लागतोय हिला."

एअर फिल्टर काढला तर चुलीतून काढल्यासारखा काळाकुट्ट. ऑइल मोजायची पट्टी जवळजवळ कोरडी. मी दर रविवारी गाडी धुते, दसऱ्याला झेंडूचा हार घालते, पण आत कधी डोकावलेच नव्हते.

"काका, न ऐकता कळलं कसं?"

"संपापर्यंत मिलमध्ये साच्यावर होतो. मागाला आम्ही साचा म्हणायचो. त्या खडखडाटात कान गेले. मग साच्याचं दुखणं हातालाच कळायचं." नवा फिल्टर बसवून ते ऑइल ओतत होते. "आवाज येईपर्यंत थांबायचं नाय गो. तोवर उशीर झालेला असतो."

घरी आल्यापासून मी फ्रिजवर, मिक्सरवर हात ठेवून बघतेय. आई म्हणते, येडी झालीस.

तुम्ही सांगा, पुसणं सोडलं तर तुमच्या गाडीला शेवटचा कधी हात लावलात?