शकूताईंनी माझं नाव सांगितलं

पेशंटला हात लावण्याआधी शकूताई स्वतःचे तळवे एकमेकांवर घासून गरम करायच्या. "थंड हात लागला की माणूस दचकतंय गं," म्हणायच्या. अहमदपूरच्या त्या दवाखान्यात मी मदतनीस म्हणून लागले, तेव्हा त्यांची तिथं वीस वर्षं झाली होती.

बीपीचा पट्टा बाहीवरून नाही, उघड्या दंडावर बांधायचा. बाईची तपासणी चालू असताना तिच्या उशाशी उभं राहायचं, बाहेर कितीही फोन वाजो. सगळं त्यांनीच शिकवलं. एकदा एक म्हातारी तपासणीच्या टेबलावर चढेचना. ताईंनी तिच्या टाचांच्या भेगांची चौकशी सुरू केली आणि बोलता बोलता म्हातारी आडवी झालीसुद्धा. "पेशंट डॉक्टरला अर्धंच सांगतंय, उरलेलं आपल्याला. कान उघडे ठिव." आईवर ठेवावा तसा विश्वास मी त्यांच्यावर ठेवला.

एका बाजाराच्या दिवशी लई गर्दी होती. कापूस वेचून ताप घेऊन आलेल्या एका बाईनं मला सांगितलं, की मागे एका इंजेक्शननं तिचं अंग सुजलं होतं. तिचा केसपेपर आत डॉक्टरसरांकडे गेला होता, म्हणून मी ताईंना सांगितलं. "हाव, सरांना सांगते. तू पुढची घे."

त्या विसरल्या. सरांनी नेमकं तेच इंजेक्शन लिहिलं, ताईंनी टोचलं. बाईचे ओठ सुजले, श्वास घरघरू लागला. सरांनी धावपळ करून तिला वाचवलं, मग विचारलं, "हिला आधी कुणी विचारलं नव्हतं?"

मी ताईंकडे पाहिलं. त्या सरांकडे पाहत म्हणाल्या, "ते काम हिचं होतं, सर. हिनं विचारलंच न्हाई."

त्याच दिवशी मला काढलं.

आता मी नांदेडला एका दवाखान्यात आहे. परवा शकूताई तिथं तपासून घ्यायला आल्या. शेजारच्या बाईला कौतुकानं म्हणाल्या, "ही माझ्या हाताखाली तयार झालेली हाय." बीपी मोजून झाल्यावर मी हळूच विचारलं, "ताई, तेव्हा माझं नाव का सांगितलंत?"

"तू तरणी होतीस. तुला कुठंबी काम लागलं असतं. मला पन्नाशीत कुणी ठिवलं असतं?"

ते खरंच होतं. पण 'चुकलं' म्हणाल्या असत्या, तर मी तिथंच सगळं विसरले असते. मी थांबले. त्यांनी पिशवी सावरली आणि जवळ सरकून म्हणाल्या, "मला लवकर आत सोड ना."

"नंबरानं या, ताई," मी म्हणाले.